जळमट खाणारी वेणी

शलाकाताई चाफेखोलला कायमची राहायला आली तेव्हा तिच्या कपड्यांची मिळून एकच बॅग होती. बाकी टेम्पो भरून बाटल्या. बसक्या, काचेच्या, तोंडाला कापसाचे बोळे घट्ट बसवलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी खरवसासारखा थर आणि त्यावर हिरवी मोहरी सांडावी तसे ठिपके. बाटल्यांच्या मागून लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या उतरल्या. त्यांत मातीचा कण नव्हता. जाड, चंदेरी मुळं टोपलीतून बाहेर येऊन हवेत लोंबत होती.

"ताई, हे सगळं ठेवायचं कुठं?" हेमांगीनं विचारलं.

"काजू वाळवायची शेड रिकामी असते ना आता?"

शेड रिकामी नव्हती. तिथं हेमांगीची ताडपत्री, वजनकाटा, बिया फोडायची यंत्रं, पोत्यांच्या थप्प्या असं सगळं होतं. पण नणंद, त्यातही नवऱ्यापेक्षा मोठी, आणि घर तिचं माहेर. हेमांगीनं अर्धी शेड मोकळी करून दिली आणि संध्याकाळी श्रीरंगला फोनवर ऐकवलं, "तुझी बहीण आली. सोबत एक दवाखाना घेऊन आली."

श्रीरंग विजयदुर्गासमोरच्या समुद्रात पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता. शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. काजूची बाग हेमांगीच बघत असे. ती लग्न होऊन देवरुखहून आली तेव्हा तिला काजूचं झाड नुसतं ओळखता येत होतं. सासऱ्यांनी तिला सगळं शिकवलं आणि ते गेल्यावर बाग आपोआप तिच्याकडे आली. कुठल्या झाडाला आधी मोहोर येतो, कुठलं झाड वाऱ्याला भितं, हे तिला पोटच्या पोरांसारखं माहीत होतं.

शलाकाताई बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत ऑर्किडवर काम करायची. संस्थेनं एके दिवशी माणसांऐवजी स्वयंचलित प्रयोगशाळा घेतली. यंत्रं अहोरात्र प्रयोग करत, जेवायला उठत नसत, आणि ऑर्किडसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडात संस्थेला तसाही रस उरला नव्हता. पन्नाशी उलटलेल्या शलाकाताईनं आपली झाडं तेवढी मागून घेतली आणि ती गावी आली.

ती झाडं म्हणजे सीतेची वेणी. आंबोलीच्या जंगलात उंच फांद्यांवर बसणारं ऑर्किड. उन्हाळा संपता संपता त्याला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब घोस येतो आणि कुणी वेणी माळून पाठीवर सोडावी तसा खाली लोंबतो. गावातले लोक मात्र त्याला सरसकट बांडगूळ म्हणत आणि कोयत्यानं खरवडून काढत. हेमांगीनंही आपल्या बागेतली तशी कितीतरी काढून टाकली होती.

"बांडगूळ वेगळं," शलाकाताई सांगायची. "ते झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं. ही नुसती बसायला जागा मागते. पाणी हवेतून घेते, साल कुजते त्यातून थोडं मीठमसाला घेते. झाडाचं काही नेत नाही."

"मग हिला मातीत का नाही लावत?"

"गुदमरून मरेल. हिच्या मुळांना वारा लागतो. बघ," असं म्हणून ताईनं लोंबत्या मुळावर पाणी फवारलं. चंदेरी मूळ बघता बघता हिरवंगार झालं. "वर स्पंज असतो. पाणी प्यायली की हिरवी, तहानली की पांढरी. सकाळी भिजवायचं आणि दुपारपर्यंत वाळू द्यायचं. ओलं ठेवलंस की कुजली. ऊन पानांतून गाळून आलेलं हवं. एवढं सांभाळलं की ही तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल."

बाटल्यांचं प्रकरण मात्र हेमांगीला विचित्र वाटे. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पिठीहून बारीक. त्या इतक्या हलक्या कारण त्यांच्यासोबत शिदोरीच नसते. नारळाच्या पोटात खोबरं असतं, काजूत गर असतो, त्यावर कोंब पोसला जातो. ऑर्किडचं बी उपाशीच जन्माला येतं. मग जंगलात त्याला एक बुरशी गाठते. ती बियात शिरते खायच्या इराद्यानं, आणि बी उलट तिलाच पचवून मोठं होतं. शलाकाताई बाटल्यांत तेच करायची. बी टाकायची आणि वर बुरशीचा एक धागा सोडायची.

"म्हणजे तुम्ही बुरशी पाळता," हेमांगी म्हणाली.

"ऑर्किड पाळतं. मी फक्त ओळख करून देते," ताई हसून म्हणाली.

त्याच पावसाळ्यात जळमट आलं.

जळमट हे नाव लोकांनीच दिलं. दक्षिणेकडच्या कॉफीच्या मळ्यांत या जातीची बुरशी पूर्वापार होती. पावसाळे लांबत गेले, थंडी नावालाच उरली, तशी ती बदलत वर सरकली आणि काजूवर बसली. फांदीच्या खालच्या अंगानं पांढरा धागा सरपटत यायचा, पानाच्या पाठीवर जाळं पसरायचा. पान काळं पडून देठापासून सुटायचं, पण खाली पडायचं नाही. त्याच धाग्यांना लटकत राहायचं. लांबून बघितलं तर वर्षानुवर्षं न झाडलेल्या खोलीत शिरल्यासारखं वाटायचं. औषधं फवारली की धागे वरवर जळत आणि सालीच्या भेगांतून पुन्हा निघत.

हेमांगीच्या बागेत पहिलं लटकलेलं पान दिसलं ते शेडच्या अगदी पाठीमागच्या झाडावर. दोनच दिवसांत शेजारचे सदाभाऊ गवस अंगणात येऊन उभे राहिले. सत्तरीचा गडी, बागेला बाग लागून, आणि हेमांगीच्या सासऱ्यांचा जिवाभावाचा मित्र.

"गो हेमांगी, तुजी नणंद बाटल्यांनी बुरशी वाढयता म्हणतत, ता खरा?"

"खरंय, सदाभाऊ. पण ती वेगळी..."

"वेगळी काय नि सारखी काय, ता माका कळाचा नाय. पण गावात बोलतत. आधी बाटले इले, मगे जळमट इला."

ते गेले तशी हेमांगी शेडमध्ये शिरली. मनात शंका होतीच. टोपल्यांजवळ जाऊन तिनं निरखून पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. वेणीच्या मुळांवर पांढरे धागे चढले होते. तेच धागे.

"ताई, हे काय आहे?"

शलाकाताई जवळ आली आणि मुळांवर वाकली.

"सासऱ्यांनी एकेक रोप हातानं लावलंय इथं! तुम्ही आलात, आम्ही जागा दिली, कधी शब्दानं दुखवलं नाही. आणि तुम्ही हे घरात आणलंत? लोक तुमच्या झाडांना बांडगूळ म्हणतात तेव्हा तुम्ही त्यांना समजावता. बांडगूळ घरात शिरलंय ते मला आत्ता दिसलं!"

बोलून झाल्यावर तिला आपलेच शब्द ऐकू आले. शलाकाताईचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती ओरडली नाही की रडली नाही.

"तपासून बघू," ती म्हणाली. "माझ्या बाटलीतली निघाली, तर शेड मीच पेटवीन आणि जाईन. तू इथंच थांब. माझ्यासमोर बघ, म्हणजे उद्या शंका नको."

तिच्याकडे पानसुपारीच्या डब्याएवढं जनुक वाचायचं यंत्र होतं. तिनं एक धागा बागेतून आणला, एक टोपलीवरून, एक बाटलीतून, आणि तिन्ही वेगवेगळे यंत्रात घातले. यंत्र घुमत राहिलं, दोघी तिथंच बसून राहिल्या. निकाल आला. बागेतला आणि टोपलीवरचा धागा एकच होता, दक्षिणेकडून आलेला. बाटलीतला त्याचा लांबचा भाऊबंद, पण वेगळा. जळमट शेडमधून बागेत गेलं नव्हतं. ते बागेतून शेडमध्ये आलं होतं.

हेमांगीनं सुटकेचा श्वास सोडला. शलाकाताईचं मात्र निकालाकडे लक्षच नव्हतं. ती टोपलीतल्या मुळाकडे टक लावून बघत होती.

"हेमांगी, हे धागे मुळाच्या इकडून चढलेत. पलीकडून उतरलेले का नाहीत?"

तिनं मुळाचा पातळ काप घेतला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि उठून हेमांगीला खुर्चीत बसवलं. "काय दिसतं?"

हेमांगीनं डोळा लावला. एकाशेजारी एक खोल्या दिसत होत्या, आणि प्रत्येक खोलीत धाग्यांचं वेटोळं. "साच्यातून शिरवाळ्यांच्या शेवया पाडल्यासारखं दिसतंय."

"बरोबर. आता आतल्या बाजूच्या खोल्या बघ."

आतल्या खोल्यांत शिरवाळ्यांचा लगदा झाला होता. त्याहून आतल्या खोल्या रिकाम्या, स्वच्छ होत्या.

"ही जळमट खातेय," शलाकाताई म्हणाली. "हेमांगी, तुझी काजू ज्यानं मरतेय ते ही जेवतेय!"

हेमांगीनं त्या दिवशी माफी मागितली नाही, तिला ते जमलंच नसतं. तिनं वजनकाटा, ताडपत्री, पोती, यंत्रं एकेक करून उचलली आणि ओटीवर नेऊन टाकली. अख्खी शेड ताईला मिळाली. आणि त्या दिवसापासून हेमांगीचा रोजचा पहिला चहा शेडमध्ये होऊ लागला.

पण एक झाड बुरशी खातं म्हणून बाग वाचत नाही. एवढ्या बागेतली जळमटं खायला किती वेण्या लागतील? शलाकाताईनं तो हिवाळा याच प्रश्नावर घालवला. आणि तिला जे सापडलं ते खाण्याहून मोठं होतं.

वनस्पतीच्या पेशी आरएनए नावाच्या रेणूचे बारीक तुकडे बाहेर सोडू शकतात. ते बुरशीत शिरले की तिची ठरावीक जनुकं गप्प बसतात. वेणी नेमकं हेच करत होती. पोटात आलेल्या बुरशीनं आपल्यालाच पोखरू नये म्हणून ती तिची पेशी मारणारी हत्यारं बंद करून टाकत होती. आणि जळमटाची खोड अशी, की दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकल्या की दोन्हीकडचे धागे जुळून त्यांचं एकच अंग बनायचं. त्या अंगातून रस इकडून तिकडे वाहत राहायचा. म्हणून तर रोग एवढा वेगानं पसरत होता.

"मग वेणीचं औषधही त्याच वाटेनं जाईल," शलाकाताई म्हणाली. "पाच-सहा झाडांत मिळून एक वेणी बांधली तरी पुरेल. जळमट मरणार नाही. माणसाळेल. सालीवर राहील, कुजकं खाईल, पानाला हात लावणार नाही."

"नक्की?"

"शेडमध्ये कुंडीतल्या रोपांवर झालंय. बागेत माहीत नाही. आणि एक अट आहे. फवारणी पूर्ण बंद. धागे जिवंत असले तरच औषध पुढं जाणार."

ऐन उन्हाळ्यात सरकारी हुकूम आला. जळमट लागलेल्या सगळ्या बागा पाऊस पडायच्या आत तोडून जाळायच्या. हुकमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, दुसरा उपायच कुणाला ठाऊक नव्हता. तालुक्याच्या कृषी अधिकारी निलोफर मुजावर गावात आल्या, देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. शलाकाताईनं काप दाखवले, आकृत्या दाखवल्या. लोक ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत बाटल्याच होत्या.

सदाभाऊ उठले. "तुज्या ऑर्किडांचा जमला नाय, तर जळमट माज्या बागेत येतला. माज्या बागेक अजून लागूक नाय. माजी झाडा मेल्यार कोण बघतला?"

हेमांगी बसल्या जागेवरून उठली. उठेपर्यंत आपण काय बोलणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"सदाभाऊ, तुमच्या हद्दीला लागून आमच्या झाडांचा जो पट्टा आहे तो मी तोडते. निरोगी आहेत तरी तोडते. फांदीला फांदी टेकली नाही की जळमट तुमच्याकडे यायचं नाही. बाकीची बाग मला दसऱ्यापर्यंत द्या. तोवर गुण नाही आला, तर मी स्वतः पेटवीन."

"ती झाडा तुज्या सासऱ्यान लावलेली," सदाभाऊ हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे. मीच पाणी घालते त्यांना."

मुजावरबाईंनी हुकमाचा कागद पुन्हा वाचला. "कागदावर मी याला चाचणी क्षेत्र म्हणेन," त्या शेवटी म्हणाल्या. "दर आठवड्याला येऊन बघणार. पट्ट्यापलीकडे एक धागा दिसला तर त्याच दिवशी तोडणी."

शनिवारी श्रीरंग आला तेव्हा पट्टा आडवा झाला होता. तो त्या बुंध्यांवरून हात फिरवत राहिला.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू समुद्रात होतास, सभा इथं होती."

"बाबांची झाडं होती ती, हेमांगी! ताईच्या एका शक्यतेवर?"

"ताईच्या नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. तू येतोस का शेडमध्ये? मी दाखवते तुला."

तो आला नाही. सोमवारी न बोलता गेला. पण पुढच्या शनिवारी येताना पवनचक्कीवर वापरायचे दोर, उंच चढायचे पट्टे आणि खोगिरासारखं आसन घेऊन आला. "वरच्या फांद्यांवर कोण चढणार आहे? तुम्ही दोघी?" एवढंच बोलला आणि झाडावर चढला.

बांधणीला गावातल्या बचतगटाच्या बायकाही आल्या. आधी दोघीतिघी, मग रोज एखादी वाढत गेली. हेमांगी त्यांना शिकवू लागली आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण ताईसारखं बोलतोय.

"फांदी आडवी हवी, साल खडबडीत. सालीवरून बोट फिरवा, बोटाला खरखर लागली पाहिजे. मुळं सालीला टेकवायची, दाबायची नाहीत. सुती पट्टीनं बांधायचं, तार नको. मुळं चिकटेपर्यंत पट्टी टिकते, मग आपली कुजून जाते. रोपाचा शेंडा खाली कलता ठेवायचा, नाहीतर पाणी साचून गाभा सडतो. आणि खाली सुंभ, शेण, माती काही काही ठेवायचं नाही. वारा लागू दे तिला."

"वैनी, ही तर पाळण्यातल्या पोरापेक्षा लाडाची!" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पाऊस सुरू झाला. वेण्यांची मुळं हिरवी झाली, सालीवर सरकू लागली. जळमटही सरकू लागलं. आषाढ गेला आणि श्रावणात बागेनं असं काही रूप घेतलं की हेमांगीला आत जाववेना. धागे शेंड्यापर्यंत पोचले होते, काळी पानं झुलत होती. पट्ट्यापलीकडे सदाभाऊंची बाग हिरवी उभी होती, तेवढाच काय तो दिलासा. मुजावरबाई येत, फोटो घेत आणि जात. गावातली माणसं रस्त्यावरून जाताना मान वळवून घेत.

शलाकाताई त्या दिवसांत जेवणावरून उठून जाऊ लागली. एका दुपारी ती शेडच्या पायरीवर बसलेली हेमांगीला दिसली. पावसाची झड अंगावर येत होती, तिला भान नव्हतं.

"तोडून टाकू, हेमांगी."

"काय?"

"आरएनए उन्हापावसात टिकत नाही. शेडमध्ये हातभर अंतर होतं, इथं दहा-दहा हात. वाटेतच मोडत असणार. मी हिशेब चुकले. तुझी बाग मी..."

हेमांगी तिच्या शेजारी बसली. तिला स्वतःलाच रडावंसं वाटत होतं, पण दोघींनी एकदम रडून चालणार नव्हतं.

"ताई, वेण्या मेल्यात का?"

"नाही. एकही नाही."

"जेवतायत का?"

"जेवतायत. मुळं फुगलीयेत."

"मग त्यांचं जेवण होऊ दे. आपण पानाकडे बघतोय. काळं झालेलं पान परत हिरवं थोडंच होणार आहे? नवं पान फुटेल तेव्हा कळेल. काजूला नवी पालवी पाऊस ओसरल्यावर येते. मी दसऱ्याची मुदत मागितली ती उगीच नाही. चला, आत चला, भिजलात."

शलाकाताईनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच तिनं हेमांगीचा हात धरला, आणि आत गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

भाद्रपदाच्या अखेरीला पाऊस विरळ झाला. ऊन पडलं. आणि एका सकाळी शेडपाठीमागच्या त्याच झाडाला, जिथं पहिलं पान लटकलं होतं, तांबूस पालवी फुटलेली दिसली. हेमांगीनं फांदी वाकवली. पालवीच्या पाठीवर पांढरे धागे होतेच. तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. धागे तसेच, पान तसंच. तिसऱ्या दिवशी पान मोठं झालं होतं. चौथ्या दिवशी हिरवं. धागे त्याच्या पाठीवर नुसते पडून होते, खुंटीवर विसरलेल्या दोऱ्यासारखे. तिनं नखानं खरवडले तर भुगा होऊन पडले.

"ताई!" तिची हाक रस्त्यापर्यंत गेली. "ताई, माणसाळलं! माणसाळलं हो!"

शलाकाताई एक चप्पल घालून, एक हातात घेऊन धावत आली. दोघी या झाडावरून त्या झाडावर पळत सुटल्या. सगळीकडे पालवी होती, सगळीकडे धागे होते, आणि एक पान काळं नव्हतं. शलाकाताईनं धागे यंत्रात घातले. हत्यारांची जनुकं गप्प होती, वेणीपासून सर्वांत लांबच्या झाडावरसुद्धा. जिवंत धाग्याच्या आत तो आरएनए ऊनपावसापासून सुरक्षित राहत होता, आणि पुढं सरकता सरकता बुरशी स्वतःच त्याच्या प्रती काढत होती. हिशेब चुकला होता खरा, पण चांगल्या बाजूनं.

मुजावरबाई आल्या त्या दिवशी त्यांनी फोटो काढले नाहीत. त्या एका झाडाखाली उभ्या राहून वर बघत राहिल्या, मग चष्मा काढून पुसला आणि तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. "तोडणी थांबवा, साहेब. सगळ्या तालुक्यातली थांबवा. मी चाफेखोलमधून बोलतेय."

श्रीरंग शनिवारची वाट न बघता आला. त्यानं बहिणीला उचलून गरकन फिरवलं. ती "अरे, कंबर, माझी कंबर!" म्हणून ओरडत राहिली. मग तो हेमांगीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी पट्टा तोडायला तुलाच कोयता दिला असता." हेमांगीला वर्षभर जे कुणाकडूनच ऐकायला मिळालं नव्हतं ते यात होतं.

त्या माघात बाग मोहोरली. दसऱ्यालाच पलीकडच्या तीन गावांतून माणसं वेण्या मागायला येऊ लागली होती. आता जिल्ह्यातून, गोव्यातून, मग थेट केरळातून येऊ लागली. शेडला दुसरी शेड जोडावी लागली. बचतगटाच्या बायका बाटल्या भरू लागल्या, बी सोडू लागल्या, रोपं टोपलीत उतरवू लागल्या. एका बड्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यांना ही पद्धत फक्त स्वतःपुरती हवी होती. शलाकाताईनं फोन हेमांगीकडे दिला.

"उशीर झाला हो तुम्हाला," हेमांगी गोड आवाजात म्हणाली. "ताईंनी सगळी कृती कालच जगाला सांगून टाकली. पण तुम्ही या ना. बांधायचं कसं ते मी शिकवीन. सुती पट्ट्या तेवढ्या घेऊन या."

जळमट तोवर समुद्रापार पोचलं होतं. टांझानियाच्या काजूपट्ट्यातून बोलावणं आलं. तिथल्या रानात वाढणारं एक ऑर्किडही वेणीसारखंच जळमट जेवतं का, हे शोधायचं होतं. ज्या संस्थेनं शलाकाताईला घरी बसवलं होतं, तिनंही एका यंत्राचा अख्खा वेळ तिला देऊ केला. शलाकाताईनं ते घेतलं. "यंत्र चांगलंच असतं गं," ती बॅग भरताना म्हणाली. "काय विचारायचं ते कुणीतरी सांगावं लागतं त्याला." या खेपेलाही तिच्या कपड्यांची एकच बॅग होती. विमानतळावर हेमांगीच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

तिसऱ्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ होती, हेमांगी शेडमध्ये रोपं भिजवत होती. सदाभाऊंची हाक आली, आणि ती अशी की हातातला फवारा टाकून ती धावली. पलीकडे सदाभाऊ आपल्या बागेच्या अगदी टोकाच्या झाडाजवळ, बुंध्याला नाक लावून उभे होते.

"हय ये. ह्या बघ. माजे डोळे गेले काय ता सांग."

सालीच्या भेगेत हिरवा ठिपका होता. त्याला दोन इवलीशी पानं, आणि सालीला घट्ट धरलेलं केसाएवढं चंदेरी मूळ. शेजारी आणखी एक. वर आणखी, भेगेभेगेनं पेरल्यासारखे.

"इथं कुणी बांधली वेणी?" हेमांगीनं विचारलं.

"कोणी नाय! ह्या कोपऱ्यात कोण येता? आपसूक इला!"

वाऱ्यावर उडालेली धूळ. शिदोरी नसलेलं बी. त्याला इथं सालीवर, मागाहून पट्टा ओलांडून आलेलं माणसाळलेलं जळमट भेटलं, आणि त्यानं जेवून घेतलं. शेड नाही, बाटली नाही, हेमांगी नाही, ताई नाही. आता हे रान आपलं आपणच करणार होतं.

तिनं तिथूनच व्हिडिओ फोन लावला. टांझानियातल्या कुठल्याशा बागेत शलाकाताई डोक्याला रुमाल बांधून उभी होती, भोवती बायाबापड्यांचा घोळका, हातात सुती पट्ट्या. तिनं फोन सरळ सालीजवळ नेला.

पलीकडून शलाकाताईनं अशी किंकाळी फोडली की तिच्या भोवतीची माणसं दचकून फोनवर वाकली. ती कुठल्याशा मोडक्यातोडक्या भाषेत त्यांना काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती, मध्येच हसत होती, मध्येच नाक पुसत होती. सदाभाऊंना राहवेना. त्यांनी हेमांगीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि टांझानिया फार लांब आहे म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडले, "शलाका! बाय माजे! माज्या झाडाक लागला गो! आपसूक लागला!"

तिकडच्या एकालाही त्यातला शब्द कळला नसेल. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यातल्या एका म्हातारीनं तर सूर धरून पाय थिरकवले. सदाभाऊ फोन समोर धरून बघत राहिले, आणि मग त्यांनीही, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, काजूच्या त्या झाडाभोवती एक गिरकी घेतली.